दोषचिठ्ठी क्रमांक अकरा

चौथ्यांदा रंगवलेली भिंत पाचव्या आठवड्यात पुन्हा फुगली, तेव्हा तपासनिसानं चहाचा कप असा आपटला की कपाचा कान तुटून त्याच्या बोटात राहिला.

“घ्या! आता अजून काय फोडायचं राहिलंय?” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

“वरच्याचं डोकं.”

वरचा म्हणजे कोणी परका नव्हे, त्याचा सख्खा थोरला भाऊ. वडिलांनी बांधलेलं दुमजली घर. खाली धाकटा, वर थोरला, दोघांना मिळून एक जिना आणि जिन्याच्या टोकाला दोघांची मिळून एक गच्ची. लहानपणी एका अंथरुणात झोपले, मोठेपणी एकाच कापडगिरणीत नोकरीला लागले, एकाच वर्षी निवृत्त झाले. आणि आता सव्वा वर्ष झालं, दोघांत एक शब्द नव्हता. कारण काय, तर मधल्या खोलीची ही भिंत.

भिंत होतीही तशीच, बघणाऱ्याचं डोकं फिरवणारी. एका कोपऱ्यात बशीएवढा फुगा, त्याच्या शेजारी चार लहान. बोटानं दाबला की फस् करून फुटायचा आणि आतून पांढरी भुकटी फरशीवर सांडायची. वरच्या बाजूला काळ्या बुरशीचे ठिपके, आणि खोलीत पाऊल टाकलं की नाकात शिरणारा कुबट वास. शिवाय या सगळ्यावर पेन्सिलीच्या रेघा. प्रत्येक फुग्याभोवती एक गोल आणि गोलाशेजारी बारीक अक्षरात तारीख. पेन्सिल भिंतीवरच खिळ्याला दोऱ्यानं टांगलेली होती.

हे त्याचं गिरणीतलं वळण. तीस वर्षं त्यानं एकच काम केलं. दिव्याच्या टेबलावरून कापड सरकायचं, त्यात गाठ, डाग, तुटका धागा दिसला की पेन्सिलीनं गोल करायचा, तारीख घालायची आणि दोषचिठ्ठी फाडून मागाकडे पाठवायची. चिठ्ठी गेली की माग बंद. मग मागावर कोणी का असेना, मॅनेजरचा मेहुणा असला तरी, तपासनिसानं ‘चालू करा’ असं लिहून दिल्याशिवाय माग हलायचा नाही. डाग दाखवायचा एवढंच त्याचं काम. डाग का पडला हे शोधणं दुसऱ्या खात्याकडे असे, आणि त्या खात्यात होता दादा, मागांचा फिटर. धाकट्यानं बोट दाखवायचं आणि थोरल्यानं पाना घेऊन मागाखाली शिरायचं, अशी दोघांची तीस वर्षं गेली. त्यामुळे निवृत्तीनंतर बायको, शेजारी, दूधवाला सगळेच त्याला तपासनीस म्हणत राहिले, आणि तोही सगळ्यांचे दोष काढत राहिला.

आता खरं सांगायचं तर सुरुवात वरूनच झाली होती. दादाच्या बाथरूममधल्या पाइपचा जोड सुटला आणि खाली हातभर ओल आली. दादानं प्लंबर आणला, फरशी फोडली, आठ दिवसांत जोड बदलला आणि खाली येऊन “झालं रे बाबा तुझं काम” असं सांगूनही गेला. पण तपासनिसाला दम कुठला? नवव्या दिवशी त्यानं भिंतीला चकचकीत, धुता येणारा, दुकानातला सगळ्यात भारी रंग फासला. महिनाभरात पहिला फुगा आला.

“दादानं वरवरची मलमपट्टी केलीय,” तो म्हणाला आणि गिरणीतून उरलेलं दोषचिठ्ठ्यांचं जुनं पुस्तक शोधून काढलं. चिठ्ठी क्रमांक एक जिन्यातून वर गेली. दादा हसला, त्यानं पुन्हा फरशी फोडली. काही नव्हतं. चिठ्ठी दोन. चिठ्ठी तीन. पाचव्या चिठ्ठीला दादाचं हसू आटलं, आठव्या चिठ्ठीला जिन्यातच जुंपली.

“तुला जन्मभर दुसऱ्याचे डागच दिसले,” दादा म्हणाला.

“आणि तुला जन्मभर ते झाकताच आले,” हा म्हणाला. हे खोटं होतं, आणि खोटं आहे हे तोंडातून बाहेर पडतानाच त्याला कळलं होतं. पण बोललेलं काय परत गिळता येतं?

अकरावी चिठ्ठी शेवटची. ‘बाथरूमचा वापर ताबडतोब बंद करावा.’ ती त्यानं दाराखालून सरकवली आणि बायकोला बजावलं, आजपासून जिन्याच्या पहिल्या पायरीवरही पाऊल ठेवायचं नाही. गच्ची गेली, म्हणून धुणं घरात आलं. मधल्या खोलीत तीन दोऱ्या लागल्या. वरच्या गॅलरीतला दादाचा खोकला ऐकू आला की याचं पित्त खवळायचं, म्हणून खिडक्याही बंद झाल्या. भिंत मात्र फुगायची थांबेना. एकदा रंगवली, दोनदा, तीनदा, चारदा. दर वेळी फडक्यानं पुसायची आणि वर रंग. भिंतीला फुगण्याशिवाय दुसरा धंदाच नव्हता.

आणि आता कळलं होतं की दादा घर सोडून चाललाय.

तीन महिन्यांपूर्वी वहिनीचा पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती लेकीकडेच होती, दूरच्या गावी. रविवारी दहा वाजता ट्रक येणार आणि दादाही कायमचा तिकडे जाणार, असं दूधवाल्यानं सांगितलं. सख्ख्या भावाची बातमी दूधवाल्याकडून! तपासनीस ताडकन खुर्चीतून उठला.

“म्हणजे भिंत माझ्या गळ्यात मारून हा मोकळा! ते काही नाही. जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, त्यानं म्हणावं की चूक माझी होती. मग जा म्हणावं खुशाल.”

बायको ओला टॉवेल झटकत होती. ती थांबली. “भाऊजी चाललेत. या वयात परत कधी येतील का ते कोण सांगणार? आणि तुम्हांला त्यांच्याकडून सही हवीय. अहो, भिंत तुमच्या डोक्यात शिरलीय.”

“लेखी हवंय मला. तज्ज्ञाकडून.”

गुरुवारी सकाळी तज्ज्ञ आला. तज्ज्ञ म्हणजे बाजारपेठेमागचा म्हातारा रंगारी. ओलीच्या भिंती बऱ्या करणारा म्हणून त्याचं नाव होतं, आणि बोलण्यात जरा तिरका म्हणूनही. दारातून आत येताच दोरीवरच्या चादरीचं पाणी त्याच्या टकलावर ठिबकलं. त्यानं वर बघितलं, खिडक्यांकडे बघितलं, टक्कल पुसलं.

“साहेब, बारमाही इथंच वाळत घालता?”

“धुण्याचं सोडा. भिंतीचं बघा. वरून गळतंय एवढं लेखी द्या, माझं काम झालं.”

“मी कशाला देऊ? भिंतच देईल की.”

त्यानं पत्र्याच्या पट्टीनं वीतभर रंग खरवडला. बायकोकडून केस वाळवायचा ड्रायर मागून घेतला आणि उघडं प्लास्टर अर्धा तास वाळवत बसला. मग पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद त्यावर ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट बंद केला, जसं एखादं पाकीटच.

“दोन दिवस हात लावायचा नाही. पाणी भिंतीतून येत असेल तर कागदाच्या मागून ओलं होईल. शनिवारी येतो.”

ते दोन दिवस तपासनिसानं कसे काढले ते त्याच्या बायकोला विचारा. खुर्ची टाकून तो भिंतीसमोर बसला. जेवायला उठेना. “अंडं उबवताय का?” असं बायकोनं विचारलं तर खेकसला. वर दादाचं सामान बांधणं चाललं होतं. खोकी ओढल्याचा आवाज, कपाट सरकवल्याचा आवाज. तपासनीस कान टवकारून पाण्याचा आवाज ऐकत होता. तो काही केल्या येईना. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही.

“बघितलंस? चोर!” तो बायकोला म्हणाला. “मी तपासणी लावलीय हे कळलं त्याला. म्हणून पाणी बंद ठेवलंय. दोन दिवस बिनआंघोळीचा राहील, पण कबूल करणार नाही!”

शनिवारी रंगारी आला. चंदेरी कागदाच्या दर्शनी बाजूवर पाण्याचे थेंबच थेंब होते. त्यानं बोट फिरवलं, थेंब ओघळून खाली आले.

“बघा! बघा ओल!” तपासनीस ओरडला.

“बघतोय,” रंगारी म्हणाला. त्यानं चिकटपट्टी सोलली आणि कागद उलटा करून तपासनिसाच्या हातात दिला. मागची बाजू कोरडी खडखडीत. प्लास्टरही कोरडं. “पाणी पुढून आलंय साहेब, मागून नाही. हे तुमच्या खोलीतलं पाणी आहे. तीन दोऱ्या ओलं धुणं, खिडक्या बंद, आणि ही भिंत बाहेरच्या बाजूची, गार. वाफ दुसरीकडे जाईल कुठं? पहिली ओल वरून आली असेल, नाही म्हणत नाही. पण भिंतीला वाळायला दोन-तीन महिने द्यायचे असतात. तुम्ही ओल्यावरच रंगाचं झाकण घातलंत. पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही, मग ते फुगणार नाही तर काय करेल?”

“तुम्हांला वरच्यानं पढवलंय!”

“वरचे कोण तेही मला माहीत नाही.”

“चला मग! दाखवतो कोण ते!” तपासनिसानं रंगाऱ्याचा दंड धरला आणि त्याला ओढतच जिना चढायला सुरुवात केली. “त्याची फरशी दाखवतो. न्हाणीघर पाण्यानं भरलेलं दाखवतो. मग बोला!” सव्वा वर्षात तो पहिल्यांदा त्या जिन्यावर चढत होता. नवव्या पायरीवर त्याचे गुडघे बोलू लागले, पण राग गुडघ्यांपेक्षा वरचढ होता.

दादाचं दार उघडंच होतं. घरभर खोकी. मधोमध दादा जमिनीवर बसून सुतळीला गाठ मारत होता. दाढी वाढलेली, बनियन खांद्यावर सैल झालेला. कधी एवढा म्हातारा झाला हा? दादानं वर बघितलं.

“ये,” तो म्हणाला. जसा हा कालच येऊन गेला होता.

“बाथरूम बघायचंय,” तपासनीस खोक्यांकडे बघून म्हणाला.

“बघ की. तुझंच खातं आहे.”

बाथरूमच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. पिवळा पडलेला, पण अक्षर ओळखायला चष्मा लागत नव्हता. अक्षर त्याचंच होतं. दोषचिठ्ठी क्रमांक अकरा. गिरणीत बंद मागावर चिठ्ठी अशीच, डोळ्यांच्या उंचीवर चिकटवत.

त्यानं दार ढकललं. आत जुन्या मासिकांचे गठ्ठे होते, घडीची खाट होती, वहिनीची शिवणयंत्राची पेटी होती. फरशीवर बोटभर धूळ. पाण्याचा टिपूस नाही. आणि नळाला लाल चिंधी बांधलेली, थांबवलेल्या मागाच्या दांड्याला बांधायचे तशी, फिटरच्या दुहेरी गाठीनं.

“हे काय आहे?” त्यानं चिंधीला हात लावत विचारलं.

“चिठ्ठी आली, माग बंद केला,” दादा मागे येऊन उभा राहिला होता. “चालू करायची चिठ्ठी काही आली नाही.”

“सव्वा वर्ष?”

“अजून तीन महिन्यांनी दीड होईल.”

“मग आंघोळ कुठं करत होतास?”

“मागच्या गॅलरीत. पत्रा लावला आडोशाला. बादली न्यायची, पाणी अंगावर घ्यायचं, मग ते पुसून काढायचं.”

तपासनीस दाराची चौकट धरून उभा होता. रंगारी कधीच मुकाट्यानं जिना उतरून गेला होता. “वहिनी...” तो म्हणाला.

“हो. तिथंच घसरली. साबणाचं पाणी होतं.”

बाहेरून कुणाच्या तरी सायकलची घंटा ऐकू आली. तपासनिसाला एकदम दादाचा राग आला, मग स्वतःचा, मग पुन्हा दादाचा. “अरे, तू वेडा आहेस का? चिडून लिहिलेली चिठ्ठी ती! सांगायचं नाहीस? खाली येऊन दोन थोबाडीत द्यायच्या नाहीस?”

“तू चिडून चिठ्ठी लिहीत नाहीस, असं तूच सांगायचास अख्ख्या खात्याला.” दादानं सुतळीचा गुंडा खिशात घातला आणि पुन्हा बाहेर काढला. “मीही हट्टालाच पेटलो होतो रे. म्हटलं, धाकटा एक दिवस स्वतः वर येईल, कोरडी फरशी बघेल, आणि म्हणेल दादा, चालू कर. आता येईल, मग येईल. तुझी वहिनी रोज म्हणायची, अहो, जा खाली, सांगून टाका. मी म्हणायचो, नियम म्हणजे नियम, त्यालाच येऊ दे. तिचं ऐकलं असतं तर तिचं हाड शाबूत असतं. म्हणजे ते काही एकट्या तुझ्या माथी नाही.”

“नको जाऊस,” तपासनीस म्हणाला. तो हे बोलेल असं त्याला स्वतःलाही वाटलं नव्हतं.

“जायला लागेल. तिला आता जिना चढवत नाही. डॉक्टरनं सांगितलंय, यापुढे कधीच नाही.”

तपासनीस वळला आणि जिना उतरला. खाली बायकोनं “काय झालं?” विचारलं, तो तिच्या बाजूनं तसाच आत गेला. त्यानं कपाटातून चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं. पेन हाताला लागेना, तेव्हा भिंतीजवळ जाऊन खिळ्याची पेन्सिल हिसकली. दोरा तुटला. उभ्याउभ्याच त्यानं लिहिलं, क्रमांक बारा. ‘तपासणी केली. दोष आढळला नाही.’ त्यानं ते वाचलं आणि पुढं लिहिलं, ‘दोष तपासनिसाचा होता. चालू करा.’ आणि खाली सही ठोकली.

पुन्हा जिना. दादानं चष्मा लावला आणि चिठ्ठी दोनदा वाचली.

“तारीख नाही घातलीस,” तो म्हणाला आणि कागद परत दिला.

तपासनिसानं तारीख घातली.

मग दोघांनी मिळून मासिकांचे गठ्ठे बाहेर काढले, खाट काढली, शिवणयंत्राची पेटी दोन्ही टोकांना धरून काढली. दादानं चिंधीची गाठ सोडली. सुटता सुटेना, शेवटी दातांनी सोडली. नळ आधी नुसताच खोकला, मग विटकरी पाणी थुंकला, मग बऱ्याच वेळानं स्वच्छ धार लागली. तेवढ्यात बायको जिना चढून दारात आली होती. कमरेवर ओल्या कपड्यांची बादली होती. तिनं बाथरूमकडे बघितलं, दारावरची चिठ्ठी वाचली, नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. सगळं विचारायचं बाकी होतं, पण तिनं एवढंच विचारलं, “भाऊजी, गच्चीवरची दोरी आहे का अजून?”

“आहे की. तुझे चिमटेही आहेत डब्यात. पावसाचे गंजतील म्हणून आत आणून ठेवले होते.”

ती तशीच वर गेली. तिला डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

रविवारी सकाळी खालच्या घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. ट्रक वेळेआधीच, साडेनवाला आला. हमालांनी खोकी चढवली, कपाट चढवलं, पेटी चढवली. दादा मात्र खाली येईना. ड्रायव्हरनं एकदा हॉर्न दिला.

तपासनीस मधल्या खोलीत उभा होता, रिकाम्या दोऱ्यांखाली, हाताचा पंजा भिंतीला लावून. वर बादली फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. मग पाणी, मग तांब्या, मग पुन्हा पाणी. दादा आंघोळ करताना गुणगुणतो हे तो विसरून गेला होता. बेसूर गुणगुणतो, लहानपणापासून.

“धाकट्या!” वरून हाक आली. “गळतंय का रे?”

“नाही!”

“नीट बघ!”

तपासनिसानं नीट बघितलं. सगळे गोल बघितले, सगळ्या तारखा बघितल्या. “नाही गळत, दादा! ठणठणीत कोरडी आहे!”

“मग अजून एक बादली घेतो!”

बाहेर ट्रकवाल्यानं पुन्हा हॉर्न दाबला, या वेळी लांबलचक. तपासनीस तरातरा अंगणात गेला आणि त्याच्या अंगावर ओरडला, “थांब रे जरा! ऐकू येत नाही का? दादाची आंघोळ चाललीय!”